मोतीची नेमणूक

आमच्या सात वर्षांच्या नातवाला पंखा आवडतो. किती आवडतो म्हणाल, तर गेल्या वर्षी गोरेगाव स्टेशनाजवळच्या बाजारात आजीच्या हातातून हात सोडवून तो जो पसार झाला, तो वीस मिनिटांनी एका दुकानात छताकडे तोंड करून उभा सापडला. त्या वीस मिनिटांत मी रुळांच्या दिशेने कितीदा पाहिले, ते विचारू नका. मुलगा स्वमग्न आहे. हाकेला ओ देत नाही, नाव-पत्ता सांगत नाही.

त्या रात्री सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण कुत्रा आणू या."

"आणि कुत्राच हरवला तर काय आणायचे?" मी म्हटले. विनोद कोणाला आवडला नाही.

सूनबाईचा अभ्यास पक्का होता. कॅनडातल्या 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' या संस्थेने १९९६ पासून अशा मुलांसाठी कुत्रे तयार केले. बहुधा लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर. मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या पट्ट्याला जोडतात. मुलगा पळू लागला की कुत्रा जागच्या जागी ठाण मांडतो. हुकूम मात्र आईबापांचा चालतो. शिक्षणाला दीड-दोन वर्षे लागतात आणि बरेच कुत्रे नापास होतात. (आमच्या वेळी मॅट्रिकला असेच होते!)

पण कॅनडाचा कुत्रा गोरेगावात कसा यावा? मुंबईत 'अ‍ॅनिमल एंजल्स' ही संस्था शिकवलेले कुत्रे घेऊन मुलांत जाते, असे कळले. मात्र भेटीला येणारा कुत्रा वेगळा आणि रात्रंदिवस मुलाच्या राखणीला असलेला वेगळा. एक पाहुणा, दुसरा घरचा गडी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत स्वमग्नता आली, पण राखणीच्या कुत्र्याचे नाव त्यात नाही. तेव्हा दुकानाने, बसने, इस्पितळाने त्याला आत घ्यावे असा हक्क सांगायला आधार काय?

शेवटी आम्ही दीड वर्षाचा एक शांत लॅब्रॅडॉर घेतला आणि शिकवणारा गृहस्थ घरी लावला. कुत्र्याचे नाव मोती. सोसायटीच्या कमिटीने लगेच पत्र धाडले. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची सूचना मी त्यांना नेऊन दाखवली, की कुत्रा पाळण्यास सोसायटीला बंदी घालता येत नाही. चिटणीस म्हणाले, "काका, लिफ्टमध्ये केस पडतात." ते खरेच होते, मी रोज संध्याकाळी झाडू मारतो.

पहिले दोन महिने नातवाने मोतीकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी मनात पैशांचा हिशेब करीत होतो. शिकवणाऱ्याने बजावले होते, "हात धरून कुत्र्यावर ठेवू नका." मग एके दिवशी पोर शेपटीकडे टक लावून बसलेले दिसले. शेपटी पंख्यासारखी फिरते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते!

कमरेला बांधण्याचा प्रकार आम्ही केला नाही. रिक्षांच्या गर्दीत तीस किलोचा कुत्रा बिचकला तर पोर फरफटेल, ही भीती. त्याऐवजी मोतीच्या पट्ट्याला दुसरी मूठ लावली. मोठी मूठ सूनबाईकडे, लहान नातवाकडे. तो ती सोडत नाही. आजीचा हात सोडायचा, मूठ सोडत नाही. यावर आजी काही दिवस रुसली होती. बाजार जमतो, पण लोकलमध्ये आम्ही मोतीला नेत नाही, म्हणून स्टेशनाचा धाक तसाच आहे. वाचाउपचारही चालूच आहेत; कुत्रा म्हणजे औषध नव्हे.

यंदा नरकचतुर्दशीला गंमत झाली. उटण्याचा हात अंगाला लागला की हे पोर किंचाळते; दरवर्षी अभ्यंगस्नान म्हणजे आमच्याकडे युद्धच. त्यातून पहाटेच फटाके सुरू झाले, तेव्हा मोती घाबरून मोरीत शिरला. त्याच्यामागे नातू. आजी वाटी घेऊन दाराशी थांबली, काही बोलली नाही. पोराने वाटीत बोटे बुडवली आणि मोतीच्या पाठीवर फासली. मग थोडे स्वतःच्या गुडघ्याला.

मोतीला तीन दिवस उटण्याचा वास येत होता. लिफ्टमध्ये चिटणीसही हुंगत होते.