रिक्त पदावर ॲपची नेमणूक

आरोग्य आणि तंत्रज्ञान या विषयावरच्या एका व्याख्यानात नुकताच एक सिद्धांत ऐकला. टाळ्यांच्या गजरात तो स्वीकारलाही गेला. सिद्धांत असा: खेड्यात डॉक्टर जात नाही, जाणारही नाही, तेव्हा त्याची वाट पाहणं सोडा. प्रत्येक हातात फोन आहे. फोनवर तज्ज्ञ दिसतो, मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं, कृत्रिम बुद्धिमत्ता एक्स-रे वाचते. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिक्त पदं भरण्यावर पैसा घालवायचा कशाला? हे बोलायला धैर्य लागतं, असं वक्ते म्हणाले. माझ्या मते हे बोलायला एवढंच पुरतं, की आपल्या घरातलं कुणी रात्री दोन वाजता उपकेंद्राच्या कुलपासमोर उभं राहणार नाही याची खात्री असावी.

‘प्रत्येक हातात फोन’ हेच आधी खोटं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतःला वापरायला मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. बाकीच्या बायकांचा एचआयव्हीचा अहवाल कुणाच्या फोनवर येणार, हे वक्त्यांनी सांगितलं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची घट गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा हुकवली, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० साली दाखवून दिलं. सावळ्या माणसांच्या देशात यंत्रावर डोळे मिटून विसंबण्याआधी एवढं तरी वाचायला हवं होतं. आणि साप चावलेल्याला प्रतिविषाचं इंजेक्शन व्हिडिओवरून टोचता येत नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. फोनच्या पलीकडे डॉक्टर दिसतो, हे सगळे सांगतात. अलीकडे कोण असतं, हे कुणी विचारत नाही.

सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचा गाभा असा की उपकेंद्रात रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसतो किंवा बसते आणि पडद्यावर दूरचा डॉक्टर असतो. रक्तदाब मोजायचा उपकेंद्रातल्या माणसाने, ‘पोटात दुखतंय’ म्हणजे नेमकं कुठे हे हाताने चाचपायचं त्याने, टाइप करायचं त्याने, गोळ्या द्यायच्या त्याने आणि चार दिवसांनी रुग्ण बरा आहे का हे बघायचं आशाताईने. तो माणूस रजेवर गेला की पलीकडचा तज्ज्ञ कितीही नामवंत असो, गावापुरती ओपीडी बंद. म्हणजे ज्या माणसाशिवाय हे तंत्र चालत नाही, त्याच माणसाची गरज संपल्याची घोषणा याच तंत्राच्या नावाने केली जाते आहे.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा फोटोवरून ओळखणारी प्रणाली गूगलने तयार केली. तिला शिकवण्यासाठी भारतातल्या नेत्ररुग्णालयांतले फोटोही वापरले होते आणि चाचण्यांत तिची अचूकता तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. मग ती थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेली. २०२० साली प्रसिद्ध झालेला तिथला अभ्यास वक्त्यांनी जरूर वाचावा. दवाखान्यातल्या खोलीत पुरेसा अंधार नाही, त्यामुळे फोटो धूसर. प्रणालीने पाचांत एकाहून जास्त फोटो नाकारले. इंटरनेट मंद, म्हणून रांग खोळंबलेली. नर्सच्या अनुभवी डोळ्याला दिसत होतं की या डोळ्यात काही नाही, पण फोटो नाकारला गेला की रुग्णाला आणखी एखाद्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञाकडे जायला सांगावं लागे. मजुरी बुडवून. प्रणालीचं गणित चुकलेलं नव्हतं. तिच्याभोवती खोली असते, पडदा असतो, वायर असते, दमलेली नर्स असते, हे ती आखणाऱ्यांनी हिशेबात घेतलं नव्हतं.

आपल्याकडे तर हिशेब उलटाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, कमी क्षमतेचे, सारखे बंद पडणारे. पोषणाच्या नोंदींचं नवं ॲप इंग्रजीत. गावातल्या प्रत्येक मुलाचं वजन ज्या बाईला ठाऊक, तिला ते ज्या भाषेत भरायचं ती भाषा परकी. तेव्हाही शहाण्या मंडळींनी ‘बदलाला विरोध’ असा शेरा मारला. बदलाला विरोध करणारी बाई पावसाळ्यात नाला ओलांडून लसीकरणाला जात नाही. आशाताईंना विचारा: जी नोंद रजिस्टरमध्ये केली तीच पुन्हा ॲपमध्ये, रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन, कधी स्वतःच्या पैशाने डेटा भरून. या कामाला आपण ‘कागदविरहित आरोग्यसेवा’ म्हणतो. कागद गेला नाही. कागदावर आणखी एक काम चढलं, आणि ते अशा बाईवर, जिला अजून ‘मानधन’ मिळतं, पगार नाही.

वक्त्यांचा हुकमी एक्का ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हा होता. हा युक्तिवाद फार जुना आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, अल्प मुदतीचं शिक्षण घेतलेले डॉक्टर ठेवावेत की एकाच दर्जाचे पूर्ण शिकलेले, यावर जोरदार मतभेद झाले होते. १९७७ मध्ये गावोगाव स्वयंसेवक नेमण्याची योजना आली तेव्हा पुन्हा तोच वाद. त्या त्या वेळच्या दोन्ही बाजूंत तथ्य होतं, हे मला मान्य आहे. थोडं शिकलेला पण गावात राहणारा माणूस मला आजही हवा आहे. पण ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे दरवेळी एकाच दिशेला म्हटलं जातं. शहरातल्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञाऐवजी घड्याळ ठेवा, असं सांगायला कुणी उभं राहत नाही.

आणखी एक. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते ती आधी कुणीतरी पाहिलेल्या, लिहून ठेवलेल्या रुग्णांवरून. पाहणारच कुणी उरलं नाही तर ती शिकणार कशावरून? विंचूदंशाने कोकणात माणसं मरत होती तेव्हा महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसले, नाडी आणि श्वास टिपत राहिले, आणि पुढे रक्तदाबाचं प्रॅझोसिन हे औषध त्यावर वापरून त्यांनी गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणलं. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापलं. हे ज्ञान एका भरलेल्या पदातून आलं. वक्त्यांच्या योजनेत बिरवाडीला डॉक्टर नसताच.

मग मला हवंय काय? तंत्रज्ञान हवंच आहे. छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी, मान्यता दिली. हातात मावणाऱ्या यंत्रासह ते पाड्यापर्यंत न्यावं. मानसिक आजारासाठी २०२२ पासून चालणारी १४४१६ ही टेलि-मानस सेवा प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिलेली असावी, कारण मनोविकारतज्ज्ञ तालुक्यालाही सहसा मिळत नाही. ॲप मराठीत हवं, रेंज नसताना चालणारं हवं, आणि ज्या दिवशी ते सुरू होईल त्या दिवशी तेवढं रजिस्टर बंद व्हावं. नवं उपकरण घेण्याआधी ते वापरणाऱ्या नर्सबाईला आणि आशाताईला विचारावं, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर त्या नकाराला वजन असावं.

आणि पैशाचं. सॉफ्टवेअरच्या निविदेतच पुढचे खर्च लिहिलेले असावेत: एक्स-रेवर संशय आला तर थुंकीचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत कोण नेणार, त्याचं एसटीचं भाडं किती, रुग्णाची बुडालेली मजुरी कोण देणार, आणि औषध सुरू झाल्यावर सहा महिने त्याच्या दारात जाणाऱ्या आशाताईला दरमहा किती रुपये मिळणार.