श्रद्धेच्या वाटेवरचे चकवे : तीन पुस्तके

भोंदू बाबाच्या नादी लागून घर धुळीला मिळाल्याची बातमी वाचली की आपण म्हणतो, ‘लोक तरी किती अडाणी!’ या महिन्यात आम्ही सुचवत असलेली तीन सत्यकथनपर पुस्तके नेमका हाच समज खोडून काढतात.

पहिले टिम रायटरमन यांचे ‘रेव्हन’. अमेरिकेतल्या जिम जोन्स या धर्मोपदेशकाने काळे-गोरे एकत्र बसतील असे चर्च उभारले, गरिबांना जेवू घातले. लोक आले ते या चांगुलपणाकडे पाहून. पुढे त्याने त्यांना गयानाच्या जंगलात नेले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे नऊशेहून अधिक माणसे मेली, बहुतेक विषाने. त्यात सुमारे तीनशे मुले होती. त्या दिवशीच्या गोळीबारात लेखक स्वतः जखमी झाले होते.

दुसरे हारुकी मुराकामी यांचे ‘अंडरग्राउंड’. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे जीवघेणे विष पसरवले. मुराकामींनी पीडितांना बोलते केले, तसेच पंथातल्या माणसांनाही. विष पसरवणाऱ्यांत एक हृदयाचा सर्जन होता! नुसत्या पदवीने माणूस शहाणा होतोच असे नाही.

तिसरे यारोस्लाव ट्रोफिमोव्ह यांचे ‘द सीज ऑफ मेक्का’. ते आपल्याला अधिक बोचेल. १ मोहरम १४०० हिजरी, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९. जुहैमान अल-उतैबीच्या सशस्त्र टोळीने पहाटे मस्जिद-ए-हरामचा ताबा घेतला. आपला मेहुणा हाच महदी, असा त्याचा दावा. आधार काय, तर साथीदारांना पडलेली स्वप्ने! दोन आठवडे त्या पाक जागेत रक्त सांडले. तो ‘महदी’ही त्यातच मारला गेला.

तिन्हीकडे एकाच माणसाचा शब्द अखेरचा ठरला आणि त्याला प्रश्न विचारणे बंद झाले. आपल्याकडे एखादा आमिल ‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणतो, किंवा मोबाईलवरचा वक्ता अम्मी-अब्बांनाच गुमराह ठरवतो, तेव्हा सावध व्हावे. मात्र मुलांवर ओरडू नये. ती बहुधा चांगल्याच्या शोधात गेलेली असतात. घरात बोलायला जागा उरली, तरच ती परत फिरतील.

ही पुस्तके इंग्रजीत मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ती वाचावीत आणि रात्री दस्तरखानावर घरच्यांना सांगावीत.