कानातील कारभारी आणि आमची सोनेरी बाटली

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका लग्नात, मिस्सा आटोपून मंडळी सभागृहात जमल्यावर, वधूपित्याने एक बाटली माझ्यापुढे धरली. मानेला सोनेरी कागद, पोटावर वेलबुट्टीत गुंफलेले, फ्रेंच वाटावे असे नाव. ‘‘फादर, शॅम्पेन आहे. आमच्यात कोणी कधी पाहिलेली नाही. चांगली आहे ना, एवढे सांगा.’’ मी चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरे वाचली. ती शॅम्पेन नव्हती, वाईनदेखील नव्हती. फळांचा रस, साखर आणि बाहेरून भरलेला वायू. वरपक्षाची मंडळी दोन हातांवर उभी होती. ‘‘गोड आहे, मुलांनाही चालेल,’’ एवढेच म्हणून मी बाटली परत दिली. मी खोटे बोललो नाही, पण खरेही सांगितले नाही. थोड्या वेळाने बार उडाला, टाळ्या झाल्या, ‘शॅम्पेन टोस्ट’ची घोषणा झाली आणि वरपक्षाकडील एका गृहस्थांनी घोट घेऊन सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, ‘‘हे तर सरबत!’’ वधूपित्याची मान जी खाली गेली ती जेवणे होईपर्यंत वर आली नाही. त्या बाटल्यांना कपाशीच्या पहिल्या वेचणीचा पैसा लागला होता, हे मला मागाहून कळले.

या विषयावर धर्मगुरूने लिहू नये, असे माझ्या एका धर्मगुरू मित्राचे मत आहे. दारूच्या बाटलीची पारख शिकवण्यापेक्षा तिचा निषेध करा, असे ते म्हणतात. आमच्या जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत, आणि त्या का निघाल्या हे प्रत्येक पाड्यावर मिस्साला जाणाऱ्या मला कोणी सांगायला नको. परंतु निषेधाने वरील प्रसंग टळला असता काय? त्या बाटलीत मद्य नव्हतेच! तेथे घात केला तो नशेने नव्हे, नावाने. शिवाय ज्या ख्रिस्तसभेच्या वेदीवर रोज द्राक्षारस ठेवला जातो, तिने द्राक्षारसाविषयी अडाणी राहण्यात कसला पुण्यलाभ? मिस्साचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षाचाच आणि न बिघडलेला असावा, असा धर्मसभेच्या कायद्याचा दंडक आहे. त्यात किमतीचा उल्लेख नाही, देशाचा नाही, बाटलीच्या रूपाचा तर नाहीच. कुपीला आंबूस वास आला की ती बाजूला ठेवावी, हे आम्हाला सेमिनरीतच शिकवले जाते.

तेव्हा प्रथम नावाचा उलगडा करू. शॅम्पेन हा फ्रान्समधील एक प्रांत आहे. तेथील द्राक्षांपासून, तेथेच, ठरलेल्या रीतीने केलेल्या फसफसत्या वाईनलाच ते नाव लावता येते. तयार वाईन बाटलीत भरून तीत थोडी साखर व यीस्ट घालतात. बंद बाटलीत ती दुसऱ्यांदा आंबते आणि तो वायू आतच कोंडला जातो. त्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटी-तिपटीने असतो, म्हणून काच जाड आणि बुचाला तारेची जाळी. साध्या शॅम्पेनलाही बाटलीत भरल्यापासून किमान 15 महिने तळघरात काढावे लागतात, सालाचा उल्लेख असलेलीला 3 वर्षे. ही महागाई वेळेची आहे. हेच दुसरे आंबवण मोठ्या टाकीत करता येते, ते स्वस्त पडते. सर्वांत स्वस्त म्हणजे सोड्याप्रमाणे वायू भरणे. यातील कोणतीही रीत पाप नाही. एकीचे कपडे दुसरीला घालून बाजारात उभे करणे, हे मात्र पाप आहे.

‘नावात काय आहे?’ असे विचारणाऱ्यांनी नाशिककडे पाहावे. तेथे दिंडोरी तालुक्यात शांदोन या फ्रेंच घराण्याने वाईनशाळा उभारली आणि 2013 पासून तिची फसफसती वाईन बाजारात आली. याच उद्योगसमूहाकडे फ्रान्समधील दों पेरिन्यों ही जगप्रसिद्ध शॅम्पेन आहे. म्हणजे शॅम्पेन कशी करावी हे ज्यांना पुरेपूर ठाऊक, तेच आपल्या नाशिकच्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द लिहीत नाहीत. आणि आम्ही मात्र सरबताला शॅम्पेन म्हणून ध्वनिक्षेपकावरून पुकारतो!

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसती वाईन केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली आणि तिथे नावाजली गेली. तो उद्योग पुढे कर्जात बुडाला, ही वेगळी कथा. परंतु जुन्नर तालुक्यातील बाटली परदेशी मेजावर मान मिळवू शकते, हे तिने दाखवले. तेव्हा परदेशी नाव म्हणजे उत्तम आणि देशी म्हणजे हलके, हा न्यायही खोटाच.

मग अनोळखी बाटली पारखावी कशी? आधी मागील चिठ्ठी वाचावी, पुढची नव्हे. द्राक्षाची वाईन आहे की ‘फ्लेवर्ड’ पेय, दुसरे आंबवण बाटलीत झाले की नाही, करणाऱ्याचे नाव-गाव दिले आहे की नुसते विकणाऱ्याचे, हे तेथे सापडते. ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी, लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखरेची; ‘एक्स्ट्रा ड्राय’ हिच्यापेक्षा गोड असते, नावावर जाऊ नये; ‘देमी-सेक’ चांगलीच गोड. आमच्याकडे अनेकांना ब्रूट आंबट लागते व ते तिला बिघडलेली समजतात. ती बिघडलेली नसते, जिभेला सवय नसते.

नंतर ठेवणीचा विचार, आणि यवतमाळसाठी तो सर्वांत मोठा आहे. मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो. अशा उन्हाळ्यात दुकानाच्या काचेआड, दिव्याच्या झोतात, महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली फ्रान्सच्या राजवाड्यातून आलेली असली तरी मेलेलीच समजावी. काचेतली सजवलेली नको, आतल्या खोक्यातली द्या, असे बेलाशक म्हणावे. (वऱ्हाडी मंडळींना एक सूचना: लग्न नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात असेल तर बाटली घरीच ठेवा. तेथे 1974 पासून दारूबंदी आहे आणि पोलीस चौकीवर तुमचे फ्रेंच नाव कोणी वाचणार नाही.)

उघडताना बाटली चांगली थंड हवी. बूच धरून बाटली फिरवावी. हलका उसासा यावा. ज्या धडाक्याला आपण टाळ्या देतो, त्यातून बाटली गरम होती किंवा हलवली गेली होती इतकेच सिद्ध होते. बुडबुड्यांवरूनही फार अनुमान काढू नये; पेल्याला साबणाचा अंश राहिला तरी उत्तम वाईनचा फेस मरतो. खरी कसोटी नाकाची. सफरचंद, लिंबू, ताज्या पावाचा वास आला तर ठीक. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच सडके. शिरक्याचा आला तर विषय संपला. रंग तपकिरीकडे झुकला असेल तर बहुधा वय किंवा ऊन बाधले आहे.

दों पेरिन्यों हे स्वतः बेनेदिक्तीन संन्यासी होते, ओव्हिलेच्या मठाचे कोठारपाल. 1715 मध्ये निवर्तले. शॅम्पेन त्यांनी शोधली ही कथा जाहिरातदारांनी वाढवली. त्यांच्या काळी बुडबुडे हा दोष मानत, आणि ते टाळण्यासाठीच ते झटले. निरनिराळ्या मळ्यांची द्राक्षे पारखून त्यांचा मेळ घालणे, हे त्यांचे खरे काम. ज्या फसफसीसाठी त्यांचे नाव घेतले जाते, तिच्याशी त्यांचे भांडणच होते!

आणि आपल्या शुभवर्तमानातला पारखी कोण? काना गावच्या लग्नातला भोजनकारभारी. तो द्राक्षारस कोठून आला हे त्याला माहीत नव्हते; पाणी काढणाऱ्या चाकरांना ते माहीत होते. दगडी रांजणांवर ना चिठ्ठी ना सोनेरी कागद. त्याने चाखले आणि चांगल्याला चांगले म्हटले. तेवढेच करून न थांबता, पाहुण्यांची जीभ बोथट झाल्यावर हलका रस पुढे करण्याची जगरहाटीही त्याने वराला बोलून दाखवली. पुरवठा करणाऱ्यांची ही युक्ती किती जुनी आहे, पाहा. मी मात्र त्या दिवशी चाकरांच्या जागी होतो. मला माहीत होते, आणि मी गप्प राहिलो.

टोस्टची चाल आमच्याकडे वसई-मुंबईच्या लग्नांतून आली. ती बंद करा, असे मी म्हणत नाही. दोन कुटुंबांनी एका वेळी पेला उंचावण्यात वाईट काही नाही. परंतु त्या पेल्यात शॅम्पेनच हवी, हा हट्ट कोणी धरला? मुलीचा बाप धरत नाही. वरपक्ष धरतो, नाहीतर वरपक्ष धरील या भीतीने मुलीकडचे धरतात. हुंड्याविरुद्ध व्यासपीठावरून बोलणाऱ्या आपल्यातील कितीजणांनी हा लहानसा हुंडा ओळखला आहे?

आमच्या धर्मग्राम-सभेपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, लग्नाच्या तयारीच्या बैठकीतच दोन्ही घरांनी पेल्यात काय असेल ते ठरवावे. द्राक्षाचा ताजा रस चालेल, नाशिकची वाईन चालेल, संत्र्याचे सरबतही चालेल. दुसरी, बाटलीवर शॅम्पेन लिहिलेले नसेल तर निवेदकाने ध्वनिक्षेपकावर तो शब्द उच्चारू नये. पहिली एकमताने संमत झाली. दुसरीवर पाऊण तास वाद झाला आणि ती पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. दरम्यान त्या वधूपित्याच्या घरी जाऊन, त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते मी सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा ठेवायला सांगितला.