अपरोक्ष म्हणजे पाठीमागे नव्हे!

शहागंजात भाजीची गाडी लावणाऱ्या आमच्या एका ताईंची मुलगी २०२३ च्या तलाठी भरतीला बसली होती. प्रश्न १००, गुण २००. म्हणजे एका प्रश्नाला दोन गुण. त्यात मराठीचे २५ प्रश्न. पोरीचे नाव थोडक्यात हुकले. परवा घड्याळाच्या टॉवरजवळ भेटली, आता पोलीस भरतीची तयारी करते आहे. म्हणाली, "काका, गणित जमतं, पण विरुद्धार्थी शब्दांत मार खाते." आम्ही तिथेच गाडीपाशी उभे राहून तिची वही पाहिली.

वहीत लिहिले होते : परोक्ष म्हणजे समोर, अपरोक्ष म्हणजे पाठीमागे. वाचकहो, ही चूक तिच्या एकटीची नाही. 'माझ्या अपरोक्ष त्याने पैसे उचलले' असे आपण सगळेच बोलतो. पण अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांच्या पलीकडचे ते परोक्ष, आणि डोळ्यांसमोरचे ते अपरोक्ष, म्हणजेच प्रत्यक्ष. बोलण्यातली सवय उत्तरपत्रिकेत दोन गुणांना पडते.

दुसरा घोळ 'अ'चा. पुढे 'अ' लागला की अर्थ उलटा झाला, असे मुले धरून चालतात. मग अमूल्य म्हणजे बिनकिमतीचे काय? किंमतच करता येत नाही इतके मोलाचे, ते अमूल्य. त्याच्या उलट कवडीमोल. इंग्रजीतला 'इनव्हॅल्युएबल' असाच फसवतो. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत तर एका अक्षराचा फरक. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा, 'घ्न' म्हणजे मारणारा. शत्रुघ्न हे नाव आठवा, पुन्हा चुकणार नाही.

अर्थ कोणत्या जागी काय होतो तेही पाहावे लागते. वाळूजच्या कंपनीच्या गेटवर 'अकुशल' म्हणजे कामाचे शिक्षण न घेतलेला कामगार. विहारात 'अकुशल कर्म' म्हणजे वाईट कर्म. वाक्य दिले असेल तर आधी वाक्य वाचा.

खरा सापळा मात्र पर्यायांत असतो. समजा, शब्द आहे 'कृपण' आणि पर्याय आहेत : कंजूष, औदार्य, उदार, गरीब. घाईत नजर कंजूषवर जाते, कारण तो ओळखीचा. पण तो तर समानार्थी! औदार्य अर्थाने जवळचे, पण ते नाम आहे. कृपण विशेषण, म्हणून उत्तर उदार. आम्ही मुलीला एवढेच सांगितले, की पर्यायांकडे बघण्याआधी शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत मनात म्हण, मग तो उलटा कर, आणि तो पर्यायांत शोध. संगणकावर पर्याय हाताने झाकता येत नाहीत, तेव्हा क्षणभर नजर तरी काढून घे. अजिबात येत नसेल तर ठोकून द्यायचे का, हे जाहिरात वाचून ठरव. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापतात.

रोज दहा जोड्या पुरे. पण त्या कोणीतरी विचारायला हवे. ताई चौथीपर्यंत शिकलेल्या, अडखळत वाचतात. "मला कुठं जमतंय भाऊ?" म्हणाल्या. आम्ही विचारले, "ताई, उधारच्या उलट काय?"

"रोख!" तराजूवरची नजरही न काढता त्या म्हणाल्या.

मुलीने वही त्यांच्या हातात दिली.