एस्सेल वर्ल्डला उतरती कळा लागली होती काय?



मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय निघतो, मुलांना कुठे न्यायचे? आणि मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या कुटुंबांत हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "आता एस्सेल वर्ल्ड असते तर!" त्यावर दुसरे कोणी लगेच म्हणते, "अहो, शेवटी शेवटी तेथे राहिलेच काय होते? सगळे गंजून गेले होते." मग वाद सुरू होतो. आमच्या परिचयाच्या किती तरी घरांत हा वाद आम्ही ऐकला आहे. म्हणून या वेळी त्याच विषयावर चार शब्द.

आधी जे घडले ते सांगून टाकू. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. सुभाषचंद्र यांच्या एस्सेल उद्योगसमूहाने ते उभारले. झी टीव्ही पुढे १९९२ साली आला, म्हणजे हे उद्यान त्याच्याही आधीचे. शेजारीच १९९८ साली वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान उघडले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि इतर सगळ्यांबरोबर गोराईचे पाळणेही थांबले. एस्सेल वर्ल्ड त्यानंतर पहिल्यासारखे उभे राहिले नाही आणि २०२२ साली ते बंद झाले. वॉटर किंगडम मात्र त्यानंतरही चालू राहिले.

आता प्रश्न असा की टाळेबंदीने ते मारले, की ते आधीच आजारी होते?

आमचे मत स्पष्ट आहे. ते आधीच आजारी होते. मात्र आपण समजतो त्या कारणाने नव्हे.

मनोरंजन उद्यान हा धंदा बाहेरून फार सोपा दिसतो. लोखंडी पाळणे आणायचे, तिकीट लावायचे, गर्दी जमवायची. प्रत्यक्षात तो कारखान्यासारखाच असतो. आपल्यातल्या ज्यांनी गिरणीत किंवा कारखान्यात मशीनवर हात चालवला आहे, त्यांना हे लगेच कळेल. मशीन चालो वा न चालो, देखभालीचा खर्च चुकत नाही. त्यातून हे मशीन माणसांना उलटेपालटे करून हवेत फिरवणारे. एक बोल्ट ढिला राहिला तर माणसाच्या जिवावर बेतायचे. आणि उभे कुठे, तर खाडी आणि समुद्राच्या मधे, खाऱ्या हवेत! किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्यांचे गज किती लवकर खातात ते कोळीवाड्यात जाऊन पाहावे. त्यात चार महिने पाऊस. गर्दी रविवारची, दिवाळीची आणि मे महिन्याची. मंगळवारी दुपारी पाळणे रिकामे, पण कामगारांचा पगार आणि विजेचे बिल मंगळवारचेही द्यावेच लागते.

शिवाय माणसाचा स्वभाव असा की जो पाळणा एकदा पाहिला त्याची भीती दुसऱ्यांदा निम्मी होते. म्हणून दर दोन-चार वर्षांनी नवे काही तरी आणावे लागते. सुरुवातीच्या काळात एस्सेल वर्ल्डने ते केले. उंचावरून माणसांना धाडकन खाली सोडणारा शॉट अँड ड्रॉप, अंधारातली भुते दाखवणारी गुहा, पाण्यात झेपावणारी होडी, बर्फावरचे स्केटिंग. ज्यांनी बर्फ म्हणून फक्त गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी पाहिली होती, त्या मुलांनी तेथे बर्फावर उभे राहून पाहिले. पुढे पुढे नवे येणे कमी झाले. २०१९ साली पक्ष्यांचे उद्यान उघडले ते चांगले होते, पण पक्षी पाहण्यासाठी गोराईपर्यंत कॉलेजची पोरे किती येणार? त्याच वर्षी जानेवारीत मूळ उद्योगसमूह कर्जाच्या अडचणीत सापडल्याचे सर्व वृत्तपत्रांत आले होते. ज्या घरावर कर्जाचा डोंगर असतो, त्या घरात भिंतींना रंग काढणे पुढच्या वर्षावर जाते. हे काही श्रीमंतांच्याच घरी वेगळे होते असे नाही.

सरकारनेही हातभार लावला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा या उद्यानांच्या तिकिटांवर २८ टक्के कर बसला. तेव्हा चैनीच्या वस्तूंवर बसत असे तोच. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. वर्षातून एकदा चाकरमान्याच्या मुलाने पाळण्यात बसणे ही चैन कशी, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

पाण्याचे उद्यान का तगले, याचेही उत्तर यातच आहे. घसरगुंड्या, पंप आणि पाणी गाळण्याची यंत्रणा यांचा खर्च असतो, पण उंच लोखंडी पाळण्यांच्या मानाने फिरणारी यंत्रे थोडी. आणि मुंबईच्या उकाड्यात पाण्याला जुनेपणा येत नाही. लाटांच्या तलावात विसाव्या वेळी उतरलेला मुलगाही पहिल्याच वेळेइतका ओरडतो.

हे झाले उद्यानाचे. आता थोडे आपल्याबद्दल.

"पूर्वीची मजा राहिली नव्हती" असे जे म्हणतात, ते बहुतेक १९९० च्या सुमारास दहा-बारा वर्षांचे होते. त्या काळी घरात दूरदर्शन हीच करमणूक, आणि त्यावर एस्सेल वर्ल्डची जाहिरात. ते गाणे येथे लिहिण्याची गरज नाही, हे वाचता वाचता तुमच्या डोक्यात ते वाजू लागलेच असेल. बी.डी.डी. चाळीत, रमाबाई नगरात, उल्हासनगरच्या कॅम्पात मुले ते गात हिंडत. शाळेची सहल जाहीर झाली की तिकिटाचे पैसे भरायला आई डब्यातली साठवण काढी. काही ठिकाणी मंडळाने किंवा महिलांनी भिशीतून सहल काढली. मालाडला किंवा बोरिवलीला उतरायचे, बसने मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावर जायचे, तेथून लाँच. अर्धी मजा त्या लाँचमध्येच असे. मुंबईत जन्म गेला पण होडीत पाय ठेवला नाही, अशी माणसे त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर बसली.

तोच मुलगा पंचवीस वर्षांनी स्वतःची मुले घेऊन गेला. त्याला पाळणा लहान वाटला, रंग उडालेला दिसला, तिकीट महाग वाटले. रंग खरोखर उडाला होता, ते आम्ही नाकारत नाही. पण त्याच्या मुलीला विचारा. तिला तो पाळणा आभाळाएवढाच दिसला. निर्णय देताना तिची साक्षही काढली पाहिजे.

अशी कुरकूर फक्त आपल्याकडेच चालते असेही नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले. तेथे जन्मभर जाणारे लोकही हेच म्हणतात की पूर्वीचे राहिले नाही. त्यांची मुख्य तक्रार पाळण्यांची नसून रांगेची आहे. १९९९ पासून तेथे रांगेत वेळ वाचवणारा पास सर्वांना फुकट मिळे. २०२१ साली तो बंद करून त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. आता ज्याचा खिसा गरम तो पुढे, बाकीचे उन्हात. आपल्याकडच्या नव्या उद्यानांतही रांग चुकवण्याचे वेगळे महाग तिकीट निघाले आहे. आमच्या मते उतरती कळा म्हणायची ती याला. लोखंड गंजले तर घासून रंगवता येते.

एक गोष्ट आमच्या पिढीच्या नजरेतून सुटणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या लोकांना काय सोसावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नातवंड-पतवंडांनी वॉटर किंगडमच्या तलावात शेकडो अनोळखी माणसांबरोबर डुबक्या मारल्या, आणि जात विचारायला कोणी उभे नव्हते. हे मालकाचे उपकार नव्हेत; हक्क आहे आणि तो कायद्याने मिळाला. तरी भाड्याचा नायलॉनचा पोशाख घालून, लाजत लाजत, आयुष्यात पहिल्यांदा छातीभर पाण्यात उतरलेल्या आपल्या आयाबहिणींचे ते हसणे पाहायला मिळाले, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र दारावर जातीची पाटी नसली तरी तिकिटाची पाटी असते, आणि ती वर वर सरकत असते.

हीच खरी काळजी आहे. १९९९ साली ताडदेवला मुंबईतला पहिल्या काही मॉलपैकी एक उघडला, तेव्हा सुरुवातीला मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच सरळ आत सोडत. त्या काळी आपल्यापैकी किती जणांकडे या वस्तू होत्या? लोकांनी ओरड केल्यावर ते थांबले. गिरण्या बंद झाल्या, गिरण्यांच्या जमिनीवर मॉल झाले आणि करमणूक त्या थंडगार काचेच्या आत गेली. राणीच्या बागेत पेंग्विन आले. तेथेही २०१७ साली मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून थेट पन्नास रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपयांत जाता येईल अशी सोय ठेवली, एवढे मात्र बरे केले. पण आपल्या घरात आजी असते, आत्या असते, गावाहून आलेला पुतण्या असतो. चौघांचे कुटुंब हे कोणाचे माप?

एस्सेल वर्ल्डची जागा घ्यायला खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका आले. पाळणे मोठे, झगमगाट मोठा. पण तेही कर्जात बुडाले आणि २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतले. दिल्लीचे अप्पू घर, देशातले पहिले असे उद्यान, १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद झाले. म्हणजे गोराईचे दुखणे एकट्या गोराईचे नव्हते. मोठ्या शहराजवळ मोठी जमीन अडवून बसलेल्या पाळण्यांपेक्षा त्या जमिनीचाच भाव जास्त होतो, तेव्हा पाळण्यांचे आयुष्य मोजकेच राहते. गोराईच्या जमिनीचे पुढे काय होते याकडे लक्ष ठेवावे लागेल. लाँचवर, रिक्षांवर, वडापावच्या गाड्यांवर आणि पाळण्यांच्या खटक्यांवर ज्यांची पोटे होती, त्या माणसांचे काय झाले याची बातमी कोणत्याही मोठ्या वृत्तपत्राने मन लावून दिलेली आमच्या पाहण्यात नाही.

आणखी एक. एस्सेल वर्ल्डच्या शेजारीच ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा आहे. त्यासाठीची जमीन सुभाषचंद्र यांनीच दान दिली. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आतल्या दगडी घुमटाला एकही खांब नाही आणि त्याखाली सुमारे आठ हजार माणसे एकत्र बसू शकतात. विपश्यनेविषयी आपल्यात मतभेद आहेत, तो विषय वेगळा, येथे काढत नाही. पण "सकाळी पॅगोडा, दुपारी पाळणे" असा बेत अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे करीत आली. पाळणे गेले, पॅगोडा आहे, आणि तेथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मुलांना न्यायचे तर आधी सांगून न्यावे की येथे आरडाओरडा चालत नाही.

यंदा वॉटर किंगडमचा बेत असेल तर शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे. शाळेमार्फत किंवा मंडळामार्फत पंचवीस-तीस जण मिळून जाणार असाल तर गटाच्या दराची चौकशी आधीच करावी. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत, तेव्हा घरी नायलॉनचे कपडे असतील तर सोबत घ्यावेत, भाडे वाचते. बाहेरचे खाणे अशा ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, म्हणून डबा धक्क्यावरच उघडून पोटभर जेवून मग आत शिरावे. उत्तनमार्गे भाईंदरहून रस्ताही आहे, पण लहान मुले असतील तर लाँचच बरी.