वापरून पाहू द्या, मगच दाम घ्या

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या बाजारात इतकी जुनी आहे की गिऱ्हाईक ती वाचतही नाही. काही दुकानांत तिच्या जोडीला आणखी एक पाटी असते : ‘मालाला हात लावू नये.’ काचेच्या भांड्यांच्या दुकानात ती एक वेळ शोभेल. पण जी वस्तू हातात धरूनच वापरायची, तिच्यावर अशी पाटी लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला डोळे मिटून दाम मोजायला सांगणे होय. पूल या खेळाची काठी, म्हणजे क्यू किंवा पार्लरातल्या भाषेत स्टिक, हे या गोष्टीचे चांगले उदाहरण आहे. म्हणून आज तिच्या विक्रीविषयी लिहीत आहोत.

टेबलावरचे हे खेळ आपल्याला परके नाहीत. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद मिळवले. पूल त्या मानाने उशिरा आला, पण पार्लरांमुळे तो पोरासोरांपर्यंत पोहोचला. पैजा लावून खेळणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. परंतु खेळाचे सामान विकणे आणि दुरुस्त करणे हा सचोटीने करता येण्यासारखा धंदा आहे. त्यात जसे दुकानदार आहेत, तसेच टिप बसवणारे आणि लेथवर काम करणारे कारागीरही आहेत.

या व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एकच आहे. गिऱ्हाइकाला काठी टेबलावर वापरून पाहू द्या. त्यात तुमचे नुकसान नाही. उलट तुमचे संरक्षण आहे.

एकीसारखी दुसरी नाही

पूलची काठी साधारण ५७-५८ इंच लांब असते. वजन बहुधा १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम. टोकाची चामड्याची टिप १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते; स्नूकरच्या काठीची टिप ९-१० मिलिमीटरचीच असते, कारण स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा आणि पूलचा ५७ मिलिमीटरचा. पुढचा भाग म्हणजे शाफ्ट, तो बहुधा मेपलच्या लाकडाचा असतो. आता कार्बन फायबरचेही शाफ्ट निघाले आहेत. मागचा भाग म्हणजे बट, आणि दोन्ही जोडणारा जॉइंट. हे सगळे खोक्यावर छापता येते. मग वापरून पाहायचे ते काय?

जे छापता येत नाही तेच पाहायचे असते. दोन काठ्यांचे वजन अगदी सारखे असले, तरी एकीचा भार पुढे असतो, दुसरीचा मागे. एक हाताला जड वाटते, दुसरी हलकी. पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता बाजूला मारले, की तो काठीच्या रोखाने सरळ न जाता किंचित उलट बाजूला सरकतो. टोकाशी जड असलेल्या शाफ्टने तो जास्त सरकतो, हलक्या टोकाच्या शाफ्टने कमी. ज्याच्या नजरेला वर्षानुवर्षे एका काठीची सवय आहे, त्याचा नेम दुसरीने चुकणारच. हा काठीचा दोष नसतो आणि खेळाडूचाही नसतो. दोघांचे जुळत नाही एवढेच. ते जुळते की नाही, हे टेबलावरच कळते. शिवाय लाकूड ही निसर्गाची वस्तू आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच किमतीच्या दोन काठ्याही तंतोतंत एक नसतात.

पारख कशी व्हावी

काठी लोळवून पाहणे ही सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. आधी जोडलेली काठी लोळवावी, मग शाफ्ट एकटा लोळवावा. शाफ्ट आणि बट वेगवेगळे सरळ लोळत असतील आणि जोडल्यावर थरथरत असतील, तर खोट जॉइंटच्या बसणीत आहे. शाफ्टचा निमुळतेपणा सगळीकडे सारखा नसला, तर सरळ लाकूडही लोळताना हेलकावे खाते. म्हणून बटाकडून टोकापर्यंत एक डोळा मिटून नजर टाकावी. टिपेखालच्या पांढऱ्या कडीला, जिला फेरूल म्हणतात, तडा नाही ना, हे नखाने चाचपावे.

नंतर टेबल. पाच-सात फटके मारून काही समजत नाही. निदान अर्धा तास तरी हवा. नेहमीच्या काठीने जे फटके मारतो तेच नव्या काठीने मारावेत. एक सरळ हळू फटका, एक बॉल जागीच थांबवण्याचा, एक मागे खेचण्याचा, एक बाजूची फिरकी देण्याचा. नेहमीची काठी आणि नवी काठी आलटून पालटून घ्यावी म्हणजे फरक लगेच हाताला कळतो. तळहाताला घाम आल्यावर पकड कशी राहते तेही पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा मुद्दा लहान नाही.

इथे कारागिराचा सल्ला मोलाचा ठरतो. नवी टिप पहिले काही दिवस दबते आणि कडेला पसरते, त्यामुळे तिच्यावरून काठीचा निकाल देऊ नये. टिप बदलता येते. बऱ्याच काठ्यांच्या बटात वजनाचा बोल्ट असतो, तो बदलून औंसभर कमी-जास्त करता येते. म्हणजे टिप आणि वजन यांसाठी चांगली काठी नाकारू नये. मात्र शाफ्टचा स्वभाव आणि जॉइंटची बसण सहजी बदलत नाही. परीक्षा त्यांचीच घ्यावी.

वापरून पाहण्यालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. मे महिन्यात सरळ असलेली काठी ऑगस्टच्या ओलाव्यात वाकू शकते. ते अर्ध्या तासात दिसणार नाही. त्यासाठी दुकानदाराचा शब्द लागतो, आणि काठी भिंतीला तिरपी टेकवून ठेवू नये, बंद मोटारीत उन्हात सोडू नये, हे गिऱ्हाइकाला सांगण्याचा चांगुलपणा लागतो.

कायदा दुकानदाराच्या विरुद्ध नाही

अनेक दुकानदारांना वाटते, की माल वापरू दिला म्हणजे आपण गिऱ्हाइकाच्या हाती सापडलो. कायदा मात्र उलट सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ४१ म्हणते, की न तपासलेला माल ताब्यात आला, तरी तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो स्वीकारला असे धरले जात नाही. म्हणजे पाहू न देणाऱ्याचा सौदा कच्चाच राहतो. त्याच कायद्याचे कलम १६ सांगते, की गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता, त्याबद्दल विक्रेत्यावर गर्भित अट राहत नाही. याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. ज्याने काठी लोळवली, अर्धा तास खेळून पाहिली आणि मग घेतली, त्याला ‘काठी वाकडी निघाली’ असे दुसऱ्या दिवशी सांगत येणे कठीण जाते. ज्याला खोकेही उघडू दिले नाही, तो मात्र खुशाल सांगू शकतो.

आणि त्या जुन्या पाटीचे काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. सदोष मालापुरती तरी ती पाटी भिंतीवरून उतरवलेली बरी.

आपल्या फिकहमध्येही ‘खियार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क तेथे मान्य आहे. सौदा कायम करण्यापूर्वी विचारासाठी मुदतीची अट घालता येते, आणि इमाम अबू हनीफा व इमाम शाफई या दोघांच्याही मते ती तीन दिवसांपर्यंत असते. म्हणजे पारखून घेण्याची मुभा ही आजच्या मोबाईलवरच्या कंपन्यांनी शोधलेली गोष्ट नव्हे. आपल्याच घरची जुनी रीत ते आपल्याला नव्याने विकत आहेत.

जांगडाची रीत

टेबल ठेवायला जागा नाही, ही छोट्या दुकानदाराची खरी अडचण आहे. धोबी तलावच्या एखाद्या गाळ्यात पूलचे टेबल मावणार कसे? पण यावर तोड आपल्याच बाजारात आहे. मुंबईच्या हिरेबाजारात माल जांगड देतात. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, आणि दोघांमध्ये एक चिठ्ठी. काठी का जांगड देऊ नये? जवळच्या पार्लरवाल्याशी बोलणी करावीत. दुकानदाराची काठी, पार्लरचे टेबल. टेबलाचे तासाचे भाडे गिऱ्हाइकाने द्यावे. तिघांचेही काम होते.

मात्र चिठ्ठी पक्की हवी. मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी गिऱ्हाइकाने पसंती कळवल्यावर, किंवा ठरलेली मुदत नकार न कळवता उलटल्यावर त्याच्याकडे जाते. मुदतच ठरली नसेल तर ‘वाजवी काळ’ म्हणजे किती, यावर वाद होतो. तोपर्यंत मालकी दुकानदाराची, आणि वेगळे काही ठरले नसेल तर जोखीमही त्याचीच. म्हणून चिठ्ठीवर काठीचे वर्णन, तिचे वजन, अनामत रक्कम, परत करण्याचा दिवस व वेळ, आणि मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची, हे स्पष्ट लिहावे. ब्रेकचा जोरदार फटका त्या काठीने मारायचा नाही, अशी अट घालण्यातही काही गैर नाही.

जांगड देण्याइतका विश्वास नसेल, तर प्रत्येक प्रकारची एक नमुना काठी वेगळी ठेवावी. तिच्यावर चॉकचे डाग पडतील, टिप झिजेल. वर्षाअखेर ‘वापरलेला नमुना’ असे स्पष्ट सांगून ती कमी किमतीत विकावी. पण नमुना दाखवून दुसरी काठी हातात ठेवायची असेल, तर ती गिऱ्हाइकासमोर लोळवावी आणि काट्यावर तोलावी. नमुन्यावर विकलेला माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हे कलम १७ सांगते.

गिऱ्हाइकानेही इमान राखावे

दुकानदारांची एक तक्रार आमच्या कानावर येते आणि ती रास्त आहे. गिऱ्हाईक येते, तासभर काठ्या वापरते, माहिती विचारते, आणि घरी जाऊन मोबाईलवर शे-दोनशे रुपये स्वस्त मिळाली म्हणून तिकडून मागवते. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार दुकानदाराने भरायचा आणि विक्री दुसऱ्याने करायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. यावर ‘हात लावू नका’ हे उत्तर मात्र चुकीचे. वापरून पाहण्याचे थोडे पैसे घ्यावेत आणि काठी घेतल्यास ते बिलातून वजा करावेत. जो खरा घेणारा आहे त्याला ते जड जात नाहीत. जो फुकट्या आहे तो आपोआप गळतो.

दूर बसून विकणारा स्वस्त देऊ शकेल, रंगीत फोटोही दाखवू शकेल. पण समोर उभे राहून ‘मार दोन फटके, नाही जुळली तर दुसरी काढतो’ असे तो म्हणू शकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हाती एवढी एकच गोष्ट उरली आहे, आणि तीच तो पाटी लावून बंद करतो आहे.

हे केवळ काठीपुरते नाही. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, शिलाई मशीन, हार्मोनियम, ज्या ज्या वस्तूवर हाताची मर्जी चालते त्या प्रत्येकीला हाच न्याय लागू आहे. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनीही टिप बसवल्यावर गिऱ्हाइकाला दोन फटके मारू द्यावेत आणि मगच मजुरी घ्यावी. ज्याला आपल्या मालावर भरवसा आहे त्याने तो दुसऱ्याच्या हाती द्यायला कचरू नये. आमच्या व्यापारी बांधवांनी या हप्त्यात निदान एक काठी काचेच्या कपाटातून बाहेर काढून ठेवावी, एवढीच विनंती.