खुन्याला 'जीनियस' म्हणणं आता तरी थांबवा

ओटीटीवर नवा सस्पेन्स थ्रिलर आला की पोस्टर ठरलेलं असतं. एका बाजूला झोप उडालेला पोलीस अधिकारी, दुसऱ्या बाजूला गालातल्या गालात हसणारा खुनी. म्हणे दोन बुद्धिमान माणसांची लढाई! बघायला माझी हरकत नाही, मीही बघतो. हरकत आहे ती त्या 'बुद्धिमान' शब्दाला.

आपल्या मुंबई-गोव्याशी थेट जोडलेलं खरं प्रकरण घ्या, चार्ल्स शोभराजचं. त्याच्यावर २०१५ मध्ये 'मैं और चार्ल्स' आला, २०२१ मध्ये 'द सर्पंट' ही मालिका आली. गॉगल, सिगारेट, फ्रेंच उच्चार, भोवती सुंदर बायका. बघून उठणारा पोरगा काय म्हणतो? "काय डोकं होतं यार!"

डोकं? बघू या.

१९७५-७६ मध्ये थायलंड-नेपाळ-भारत असं फिरणारी परदेशी पोरंपोरी हे त्याचं सावज. पाठीवर पिशवी, खिशात मोजके पैसे, घरच्यांना आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादं पत्र. हा ओळख काढायचा, घरी राहायला बोलवायचा, गुपचूप औषध घालून आजारी पाडायचा आणि मग स्वतःच सेवा करायचा. पासपोर्ट आणि चेक काढून घ्यायचा. काहींचे जीव घेतले. यात बुद्धिबळ कुठे आहे? विश्वास ठेवणाऱ्याला विष घालायला हुशारी लागत नाही, निर्लज्जपणा लागतो.

मग तो इतकी वर्षं सुटत कसा राहिला? खरी गोष्ट इथे आहे, आणि थ्रिलरवाले नेमकी तीच घाईघाईत उरकतात.

बँकॉकच्या पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावून सोडून दिलं. मेलेल्यांमध्ये एक डच जोडपं होतं. त्यांच्यामागे लागला तो डच वकिलातीतला हर्मन क्निपेनबर्ग नावाचा तरुण अधिकारी. तो डिटेक्टिव्ह नव्हता. हरवलेल्या माणसांची पत्रं, तारखा, साक्षी, कागद गोळा करत बसला. वरिष्ठ वैतागले, तरी सोडलं नाही.

दिल्लीत १९७६ मध्ये शोभराज पकडला गेला, तो कसा? फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्याने गोळ्या दिल्या, त्या हॉटेलातच लवकर लागू पडल्या आणि शुद्धीवर असलेल्या पोरांनी त्याला धरला. हा तुमचा जीनियस!

तिहारमध्ये त्याचा थाट काय होता हे जगजाहीर आहे. पैसे चारले की सगळं मिळायचं. मार्च १९८६ मध्ये वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई दिली आणि तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला. त्याला लोक 'धाडसी पलायन' म्हणतात. मी म्हणतो, आधी विकत घेतलेली यंत्रणा त्या दिवशी झोपवली, एवढंच. चूक यंत्रणेची होती आणि टाळ्या खुन्याला मिळाल्या.

६ एप्रिल १९८६ ला त्याला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात धरला तो मुंबईच्या मधुकर झेंड्यांनी. याच झेंड्यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईतही पकडलं होतं. ना हेलिकॉप्टर, ना खुन्याशी रात्री फोनवर तत्त्वज्ञान. माहिती काढली, वाट बघत बसले, माणूस आला, धरला. पोलिसाचं काम असंच असतं: कंटाळवाणं आणि चिवट.

आणि आपण काय केलं? त्याच हॉटेलात टेबलाशी पुतळा बसवला गेला, तो झेंड्यांचा नाही, शोभराजचा! लोक शेजारी बसून फोटो काढतात. आता त्याने मारलेल्या एकाचं तरी नाव सांगा बघू. नाही आठवत ना? मलाही पटकन सांगता आलं नसतं.

कुणी म्हणेल, "अहो, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता?" घेतो, कारण हा माणूस लोकांच्या कुतूहलावरच जगला. १९९७ मध्ये सुटून पॅरिसला गेला आणि मुलाखतींचे पैसे घेऊ लागला. आपण कौतुकाने बघतो तेव्हा आपणही त्याच्या जाळ्यातलं गिऱ्हाईक असतो. समोरच्याला भुलवून आपलं काम काढून घेणं हाच तर त्याचा धंदा होता.

त्याचा शेवट कशाने झाला तेही ऐका. २००३ मध्ये तो काठमांडूत सापडला आणि २००४ मध्ये १९७५ च्या खुनासाठी जन्मठेप झाली. पुराव्यात मोठा वाटा होता तो क्निपेनबर्गने जमवलेल्या कागदांचा. जवळजवळ तीस वर्षांनी! शेवटी २०२२ मध्ये वय आणि तब्येत पाहून त्याला सोडलं, ते सोडा. पण त्या 'जीनियस'ला हरवलं ते एका चिकट माणसाच्या फायलीने.

गेल्या वर्षी-दोन वर्षांत बरं काही झालं असेल तर ते म्हणजे चिन्मय मांडलेकरचा 'इन्स्पेक्टर झेंडे' (२०२५). निदान नाव तरी पोलिसाचं लागलं, आणि खुन्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही. असे आणखी यायला हवेत.

बंदी वगैरे कुणी मागत नाहीये. पुढचा थ्रिलर बघाल तेव्हा एवढंच विचारा: मेलेला माणूस कोण होता हे सिनेमाने सांगितलं का? खुनी सुटला तो हुशारीमुळे, की कुणीतरी पैसे खाल्ले, कुणीतरी तक्रार घेतली नाही म्हणून? आणि पर्वरीला गेलात तर जेवा खुशाल, पण त्या पुतळ्याशेजारी फोटो नको.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथेच.